कोऱ्या बर्फातली पायरी

१

तोकुजिरोच्या कामाची निम्मी अब्रू त्याच्या बायकोच्या हातात होती, पण हे त्याने उभ्या जन्मात कबूल केलं नाही. छापायचे कागद आदल्या दिवशी ओले करून थरांत दाबून ठेवायचे, ते काम ओतामीचं. ओल चुकली तर भलाभला छापणाराही हात टेकतो. तोकुजिरो मात्र चित्र झकास उठलं की स्वतःच्या हाताकडे बघायचा आणि बिघडलं की कागदाकडे.

त्या सकाळी होंजोच्या गल्लीत घोट्यापर्यंत बर्फ साचला होता. मुळ्याचं लोणचं आणि गरम भात पोटात घालून तो खिडकीजवळच्या बैठकीवर बसला. समोर 'बर्फातलं मंदिर'. दोनशेची खेप, नऊ ठसे, नऊ रंग. आठ रंग होऊन गेले होते. आज शेवटचा, वरच्या आभाळाचा काळसर करडा. फळीवर ब्रशने रंग आणि भाताची खळ पसरायची, कोपऱ्यातल्या खाचेत कागदाचा कोपरा बसवायचा, कागद पालथा सोडायचा आणि बांबूच्या पानात गुंडाळलेल्या चपट्या चकतीने, म्हणजे बारेनने, पाठीवरून घोटायचं. फक्त वरच्या बाजूला, कारण त्या फळीवर आभाळाखेरीज काही नव्हतंच. खालचं सगळं लाकूड कोरून काढलेलं, नुसती पोकळी.

आणि बर्फ तर कधी छापावा लागतच नाही. बर्फ म्हणजे कोरा कागद. जिथे बर्फ पाहिजे तिथे कोरणारा लाकूड ठेवत नाही, आणि लाकूड नाही तिथे रंग लागत नाही. हे या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

एकतिसावा कागद उचलून ठेवताना बाहेरच्या बर्फाचा उजेड त्याच्यावर पडला. मंदिराच्या दरवाजासमोरच्या सगळ्यात खालच्या पायरीवर, कोऱ्या बर्फात, तांदळाच्या दाण्याएवढा एक डाग होता.

फळीवर घालताना तो नव्हता. तोकुजिरोने बघितलं होतं.

२

त्याला पहिल्यांदा भीती नाही, लाज वाटली. शिकाऊ माणूस घोटताना मनगटाचा भार खाली टाकतो, मग ओला कागद पोकळीत दबतो आणि तिथला सांडलेला रंग उचलतो. पहिल्या वर्षाची चूक. ती आता त्रेपन्नाव्या वर्षी व्हावी! त्याने मनगट उचलून धरलं, बाही कोपरापर्यंत वर खोचली, फळीची पोकळी ओल्या फडक्याने पुसली. फडकं स्वच्छच निघालं.

बत्तिसाव्या कागदावर डाग होता. तेहतिसाव्यावर नव्हता, तेव्हा तो मनातल्या मनात स्वतःला हसला. चाळिसाव्यावर तो पुन्हा आला, आणि आता त्याला आकार होता. वर गोल, खाली दुमडलेलं काहीतरी. गुडघे पोटाशी घेऊन बसल्यासारखं.

मग आवाज. तो वर आभाळ घोटत होता आणि खाली, त्याच्या पोटाच्या बाजूला, जिथे त्याचा हातही लागत नव्हता, तिथून कागदाखाली काहीतरी सरकलं. फार हळू. बराच वेळ एका जागी बसलेलं माणूस बूड हलवतं तसं.

"ओल जास्त झालीय," तो मोठ्याने म्हणाला. "कागद आखडतोय."

"माझी ओल बरोबर आहे," आतून ओतामी म्हणाली. "तुमचाच हात आखडला असेल."

ती बाहेर आली, झालेल्या कागदांची चळत घेऊन उजेडाकडे बसली. खराब कागद वेगळे काढायचं कामही तिचंच. प्रत्येक खेपेत दहाबारा जायचेच, ते कुठे जातात हे कुणी विचारत नसे. तोकुजिरोने आज पहिल्यांदाच मान वर करून बघितलं. ओतामी आभाळ बघतच नव्हती. रंग कुठे फाटला, कुठे साचला, काही नाही. ती प्रत्येक कागदाच्या एकाच जागी अंगठा ठेवत होती. तीन कागद तिने झटकन ओढले आणि मांडीखाली सरकवले.

"एकतिसावा कुठेय?" त्याने विचारलं.

"खराब होता. रद्दीत टाकला."

तो उठला आणि रद्दीची टोपली जमिनीवर पालथी केली. त्यात जुन्या फडक्यांखेरीज काही नव्हतं.

३

उन्हाळी कपड्यांची पेटी तिने स्वतःच उघडली. वर दोन सुती किमोनो, त्याखाली कागद. शंभरएक तरी असतील, एकाखाली एक नीट लावलेले, मधे मधे पातळ कागद घातलेला. मंदिराचं काळं छप्पर, वाकलेलं देवदाराचं झाड, बर्फाने भरलेल्या पायऱ्या. आणि खालच्या पायरीवर एक मूल.

आधीच्या कागदांवर त्याचं डोकं गुडघ्यांत होतं. पुढच्या कागदांवर थोडं वर. अंगात बिनबाह्यांचा पांढरा उन्हाळी झगा, त्यावर निळे ठिपके. पाय उघडे. आजूबाजूला टोपीएवढे बर्फाचे ढीग आणि मूल सप्टेंबरच्या कपड्यांत.

तो झगा ओतामीने शिवला होता. निळे ठिपके कमी आलेत म्हणून दुकानदाराशी ती भांडली होती, तेही त्याला आठवलं. त्यांची किनु सहा वर्षांची होती. चार वर्षांपूर्वी, सप्टेंबरातल्या त्या भूकंपाच्या दिवशी सकाळी तोच झगा घालून ती ठसे कोरणाऱ्या कानेसुकेकडे लाकडाच्या भुशात खेळायला गेली, ती गेलीच.

"कधीपासून?" त्याचा आवाज त्याला स्वतःला ओळखू आला नाही.

"दुसऱ्या खेपेपासून."

"चार वर्षं? चार वर्षं तू मला—"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?" ओतामी पेटीवर हात पसरून बसली होती, जणू तो हिसकावूनच घेणार होता. "ठशात खोट आहे म्हणाला असता. रंधा मागवला असता. तुमचं नाव जाईल म्हणून तुम्ही तासून टाकली असती तिला."

"माझी मुलगी आहे ती!"

"मग तुम्हाला दिसली का नाही? तुमच्याच हाताखालून आली ना? प्रत्येक वेळी तुमच्याच हाताखालून."

 छापणाऱ्याचे डोळे त्या दिवशीच्या रंगावर असतात. निळा असेल तर निळा, करडा असेल तर करडा. आज सकाळपर्यंत, चार वर्षांत त्याने त्या पायरीकडे एकदाही बघितलं नव्हतं. ते खरंच होतं, आणि खरं असल्यामुळेच त्याला बायकोचा जास्तच संताप आला. जिच्या भरवशावर तो डोळे मिटून कागद खाली ठेवायचा, तिने त्याच्याच घरात, त्याच्याच पोरीला लपवून ठेवलं होतं.

"आधी मान खाली असायची," ओतामी हळूच म्हणाली. "आता वर बघते. कुणाची तरी वाट बघते."

४

हे मंदिर गल्लीपलीकडचंच. भूकंपाच्या आगीत जळून खाक झालं. आता तिथे लाकडाची वखार आहे. आगीच्या आधीच्या हिवाळ्यात, चित्रं छापून विकणाऱ्या मालकांनी त्याचं चित्र काढून घेतलं होतं आणि कानेसुकेने उन्हाळाभर खपून ते कोरलं होतं. मालकांची सगळी कोठी जळाली, चित्रकार गेला, शेकडो ठशांचा कोळसा झाला. एवढे नऊच वाचले, कारण कानेसुकेने ते पाठीवर बांधून आणले.

नदीपलीकडच्या मैदानात तो तिसऱ्या दिवशी सापडला होता. भुवया जळलेल्या, पाठीवर गाठोडं. तोकुजिरोच्या पायांशी कोसळून तो रडला होता. "डाव्या हाताने तिचा हात घट्ट धरला होता तोकुसान, देवाशपथ. पुलावर गर्दीचा लोंढा आला. सुटला हात." तोकुजिरोने त्याला जवळ घेतलं होतं. वीस वर्षांपासूनचा दोस्त. आपलं सगळं टाकून माणसं पळत होती तेव्हा हा परक्याच्या मुलीला घेऊन पळाला. त्या नऊ ठशांवर मालकांचा धंदा पुन्हा उभा राहिला, आणि या घरातली शेगडीही त्यावरच पेटत होती. ठसे मालकांच्या कोठीतून आणणं, परत नेणं कानेसुकेच करायचा, स्वतःच्या हातगाडीवरून. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. लोक कौतुक करायचे.

पायरीवर कधी काही कोरलं होतं का, हे एकटा कानेसुके सांगू शकत होता. तो चार दिवस कंबर धरून घरात पडला होता. तोकुजिरोने ठरवलं, आपणच ठसे घेऊन जायचं.

नऊ फळ्या त्याने मोठ्या कापडात बांधल्या. ओतामीने मागून टेकू दिला तेव्हा गाठोडं पाठीवर चढलं. चेरीचं जुनं लाकूड, ठासून भरलेलं. कापडाची दोन टोकं छातीवर आणून त्याने दोन्ही मुठींत धरली आणि तो नदीपलीकडे कानेसुकेच्या घराकडे निघाला.

पुलाच्या मध्यावर त्याचं पाऊल घसरलं. तोल सावरायला त्याने डावा हात सोडला. गाठोडं लगेच उजवीकडे कलंडलं, कापड गळ्यात रुतलं आणि तो कठड्यावर आदळला.

त्याने पुन्हा दोन्ही टोकं पकडली. सरळ उभा राहिला. मग मुद्दाम, अगदी सावकाश, डावा हात पुन्हा सोडून बघितला.

येणारी-जाणारी माणसं त्याच्याकडे बघत होती. एका रताळीवाल्याने विचारलंही, "आजोबा, धरू का?" तोकुजिरो बर्फात उभा राहून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करत होता. तो कानेसुकेपेक्षा वीतभर उंच होता, दीडपट रुंद होता. आणि हे ओझं एका हाताने त्याच्याकडून दहा पावलंही नेववत नव्हतं.

५

कानेसुके शेगडीजवळ पांघरुणात बसला होता. किडकिडीत माणूस, दाढी वाढलेली. तोकुजिरोच्या पाठीवरचं गाठोडं बघून त्याने चहाची वाटी तोंडापासून खाली घेतली.

"तुम्ही कशाला आणलंत, तोकुसान? मी गाडी घेऊन आलो असतो ना."

तोकुजिरोने गाठोडं खाली ठेवलं नाही. तो उंबऱ्यातच उभा राहिला, दोन्ही मुठी छातीशी. "काने," तो म्हणाला, "मला तुझा डावा हात दाखव."

कानेसुकेने हाताकडे बघितलं, मग गाठोड्याकडे. त्याला सगळं कळलं. खोटं बोलायचा प्रयत्नही त्याने केला नाही, आणि तोकुजिरोला त्याचाच जास्त राग आला. चार वर्षं हा माणूस विचारण्याचीच वाट बघत होता.

"कुठे सोडलीस?"

"मंदिराच्या पायरीवर. खालच्या." तो वाटीत बघून बोलत होता. "दगडी अंगण होतं, मला वाटलं तिथे आग यायची नाही. म्हटलं, बस इथे, हलू नकोस, काका ठसे घेऊन आलाच. मी काय तिला टाकून पळालो नव्हतो हो. तीन गल्ल्या मागे आलो, फळ्या गोळा केल्या, बांधल्या. एवढाच वेळ. परत निघालो तर मधे सगळं पेटलेलं."

"फळ्या बांधल्यास."

"उन्हाळाभर डोळे फोडून कोरलं होतं मी ते! आणि ती बसली असणार सुरक्षित, असंच वाटलं मला."

"उठून पळाली असेल ती," तोकुजिरो म्हणाला. "कुणी उचललं असेल. कुठे गेली असेल ती..."

कानेसुकेने मान हलवली. "ती नाही हलली, तोकुसान. तुम्हाला माहितेय. तुमची पोर सांगितलेलं ऐकायची."

तोकुजिरोच्या तोंडून जो आवाज फुटला तो रडण्याचा नव्हता आणि शिवीचाही नव्हता. पुलावर, गर्दीत, हात सुटला, हे दुःख त्याने चार वर्षं कसंबसं गिळलं होतं, कारण त्यात कुणाचा दोष नव्हता. आता तेही त्याच्याकडून गेलं. याच फळ्यांसाठी पोर गेली आणि याच फळ्या तो चार वर्षं आपल्या हाताने प्रेमाने घोटत होता, पुसत होता, सावलीत वाळवत होता.

"मारा मला," कानेसुके म्हणाला. "पण तुमच्या ताटातला भातही त्यातूनच आला, तेवढं विसरू नका."

"ऊठ," तोकुजिरो म्हणाला. "तिला सांगितलं होतंस ना येतो म्हणून? चल."

६

दुपार कलली नव्हती. खोलीत बर्फाचा लख्ख उजेड होता. ओतामीने कानेसुकेला बघितलं, त्याचा चेहरा बघितला, आणि काही न विचारता मागच्या दारी जाऊन उभी राहिली. तिने पेटी मात्र बरोबर नेली.

तोकुजिरोने त्याला अंगावरच्या पांघरुणासकट बैठकीवर बसवलं, शेवटची फळी समोर ठेवली, स्वतः रंग पसरला. "कागद तू ठेव. तू घोट. तुझीच वाट बघतेय ती."

"हे काय वेड्यासारखं? वहिनी, तुम्ही तरी सांगा यांना."

"घोट, काने."

कानेसुके कोरणारा माणूस, त्याला घोटायची सवय नव्हती. बारेन उलटसुलट फिरत होती, घसरत होती. तोकुजिरो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याला बघवत नव्हतं, आणि बघायची भीतीही वाटत होती. तो मनाशी म्हणत होता, काही होणार नाही. कागदावर डाग येईल, मी तो याच्या नाकासमोर धरेन, हा रडेल, मग मी याला हाकलून देईन आणि उद्या मालकांकडे जाऊन सगळ्यांसमोर सांगेन.

घोटण्याचा आवाज येत होता. मग त्यात दुसरा आवाज मिसळला, कागदाखालून सरकल्याचा. कानेसुके अर्धवट काहीतरी म्हणाला, 'अरे' किंवा 'आलो', असं काही. बारेन चटईवर पडून घरंगळत गेली.

त्यानंतर खोलीत अजिबात आवाज राहिला नाही.

तोकुजिरो वळला. बैठकीवरची उशी अजून दबलेली होती, आणि हळूहळू फुगत होती. दाराशी कानेसुकेच्या गवताच्या चपला होत्या, त्यांवरचा बर्फ वितळायचा होता. दार बंद होतं. मागच्या दारात ओतामी उभी होती, तिच्या अंगावरून कुणी गेलं नव्हतं.

फळीवर कागद तसाच होता. तोकुजिरोने त्याचा खालचा कोपरा चिमटीत धरला आणि उचलला. जेवढ्याने पायरी दिसेल तेवढाच. पायरीवर कुणीतरी गुडघे पोटाशी घेऊन बसलं होतं. खांदे मोठे होते. पांघरुणाच्या घड्याही दिसत होत्या. डोकं वर यायच्या आत त्याने कागद खाली सोडला.

लहान कुणी तिथे नव्हतं.

तेव्हा पुढच्या दाराबाहेर पावलं वाजली. उघडी, ओली, छोटी पावलं. दार सरकलं नाही, पण उंबऱ्याच्या आतल्या मातीच्या जमिनीवर आवाज आला, आणि खोलीत गरम राखेचा वास भरला. ओतामीने पेटी छातीशी आवळली. "किनु," ती म्हणाली. "किनु, इकडे. आई इकडे आहे."

"काने काका आले का?"

तोच आवाज. चार वर्षांत एका दिवसानेही मोठा न झालेला.

"किनु, मी आहे बाळ," तोकुजिरो समोरच्या कागदालाच म्हणाला. त्याची मान वळत नव्हती.

त्याला तिने ओ दिली नाही. "काकांनी सांगितलं होतं हलायचं नाही," ती म्हणाली. आवाज रडवेला होता. "मी हलले नाही. ते कुठेयत? ते आले की मला घरी नेणार आहेत."

घरातच उभी होती ती. आईबापांच्या समोर उभी राहून घरी न्यायला दुसऱ्याला बोलवत होती. तोकुजिरोला कळलं की या चार वर्षांत तिने एकदाही त्याची वाट बघितली नव्हती. आणि हेही कळलं की काका येणार नाहीत असं सांगितलं, तर इथे थांबायचं तिला काही कारण उरणार नाही.

ओतामी त्याच्याकडे बघत होती. ती मानेने नको म्हणत होती, की हो म्हणत होती, ते त्याने बघून घेतलं नाही.

"येतोय तो," तोकुजिरो म्हणाला. "येईलच इतक्यात. तू बस तिथेच. हलू नकोस."

उंबऱ्याशी लाकूड जरासं करकरलं. सांगितलं तशी, ती निमूटपणे खाली बसली.